उत्तरायणाचा वारा समुद्राचे पाणी बुडवतो का?

रावपुरेकर (धागाकर्ता) | १६ जानेवारी, रात्री ९:४०

परवा उत्तरायणाला बडोद्याच्या रावपुऱ्यातील आमच्या गच्चीवर सकाळपासून उत्तरेचा कोरडा वारा असा लागला होता की दुपारपर्यंत ओठ फुटले आणि दोरीवर टाकलेला ओला पंचा तासाभरात खडखडीत वाळला. शेजाऱ्यांचे जावई समुद्रविज्ञान शिकवतात. माझी फिरकी धरून उभे असताना ते सहज बोलून गेले की, हाच वारा पुढे अरबी समुद्रावर जातो आणि तिथले पाणी खाली बुडवतो, आणि तिथे दरवर्षी एक नवी 'जलराशी' तयार होते. मी पुढे विचारणार तोच आमचा पतंग कापला गेला आणि विषय तिथेच राहिला.

वायुराशी आपण शाळेत शिकलो होतो. जलराशी हा शब्द मी प्रथमच ऐकला. वारा पाण्यावर लाटा उठवतो, पाणी पुढे ढकलतो, हे समजते. पण पाणी पाण्यातच बुडेल कसे? आणि बुडालेच, तर ते आजूबाजूच्या पाण्यात मिसळून नाहीसे का होत नाही? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

विश्वामित्रीकाठ | १६ जानेवारी, रात्री ९:५२

पाण्याचे ठाऊक नाही. आमचे अकरा पतंग मात्र याच वाऱ्याने सूरसागर तलावात बुडवले.

भूगोलबाई | १६ जानेवारी, रात्री १०:३०

रावपुरेकर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातील माठात आहे. माठातून पाणी पाझरते, कोरडा वारा ते उडवून नेतो आणि आतले पाणी गार होते, हे आपण सारेच जाणतो. पण माठ जुना झाला की त्याच्या पोटावर पांढरी खरबरीत पापुद्री धरते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ते पाण्यातले क्षार असतात. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. म्हणजे कोरडा वारा एकाच वेळी दोन कामे करतो, पाणी गार करतो आणि खारट करतो. गार पाणी जड असते आणि खारट पाणीही जड असते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत राजस्थान, सिंध आणि गुजरातवरून येणारे ईशान्येचे व उत्तरेचे कोरडे वारे उत्तर अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर हेच करत असतात. वरचा थर खालच्या थराहून जड झाला की तो खाली जातो आणि खालचा वर येतो. या उभ्या घुसळणीने तिथला एकजीव झालेला थर हिवाळ्याच्या अखेरीस शंभर मीटरपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही खोल जातो.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. वायुराशी ज्या प्रदेशावर रेंगाळते त्या प्रदेशाचे गुण घेते. जलराशी म्हणजे साधारण एकसारख्या तापमानाचा आणि क्षारतेचा पाण्याचा मोठा साठा; ती ज्या हवेखाली घडते त्या हवेचे गुण घेते. एकदा खाली गेली की तिचा हवेशी संबंध तुटतो. मग तिला तापवणारे ऊन नाही, गार करणारा वारा नाही आणि गोडे करणारा पाऊसही नाही. तिचे तापमान आणि क्षारता बदलायची तर शेजारच्या पाण्याशी मिसळणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो अतिशय संथ असतो. म्हणून हजारो किलोमीटर दूर गेलेले पाणीही आपला जन्म कुठे झाला ते ओळखीपुरते सांगू शकते.

मिठागर | १६ जानेवारी, रात्री ११:०५

बाईंचा माठ उत्तम, पण मी मिठाच्या माणसांत चाळीस वर्षे काढली आहेत, तेव्हा थोडी भर घालतो. जंबुसर-दहेज पट्ट्यातील मिठागरांत जडपणाचे माप 'डिग्री बोमे' या एककात घेतात. काचेचा हायड्रोमीटर पाण्यात सोडायचा आणि तो किती वर तरंगतो ते वाचायचे. समुद्राचे ताजे पाणी सुमारे साडेतीन डिग्री दाखवते आणि मीठ पडायला लागते ते पंचविसाच्या आसपास. एका कोंडीतून (मिठागराच्या वाफ्यातून) दुसऱ्या कोंडीत पाणी सोडताना आमचा मुकादम आकाशाकडे पाहायचा नाही, वाऱ्याकडे पाहायचा. कडक ऊन पण दमट हवा असलेल्या दिवशी डिग्री चढायची नाही. सौम्य उन्हात कोरडा वारा असला की भराभर चढायची. उत्तर अरबी समुद्र हे एक मोठे मिठागरच आहे, फक्त त्याची शेवटची कोंडी कधी भरत नाही.

ग्वाल्हेरकर_जुना | १७ जानेवारी, सकाळी ७:१५

सर्व प्रतिसाद आदराने वाचले, पण एक शंका आहे. थंडीचेच म्हणाल तर बडोद्याच्या हिवाळ्याला आम्ही ग्वाल्हेरचे लोक थंडी म्हणत नाही. आमच्याकडे सकाळी बोटे वाकत नाहीत. ते असो. शंका अशी की, ईशान्येचा हाच कोरडा वारा बंगालच्या उपसागरावरही वाहतो. अक्षांश तेच, महिने तेच. मग तिथेही पाणी गार होऊन बुडायला हवे. तिथल्या अशा जलराशीबद्दल कोणी का बोलत नाही? की वाऱ्याला श्रेय देण्यात आपण घाई करत आहोत?

सागरवेधी | १७ जानेवारी, सकाळी ११:४८

ग्वाल्हेरकरांनी नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. मी काही वर्षे संशोधन-जहाजांवर तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे (मूळचा दांडिया बाजारचा), म्हणून डोळ्यांनी पाहिलेले सांगतो.

जहाज थांबवून विंचच्या तारेवरून सीटीडी नावाचे यंत्र पाण्यात सोडतात. ते खाली जाताना पाण्याची वाहकता, तापमान आणि खोली सतत मोजत राहते आणि वर प्रयोगशाळेच्या पडद्यावर दोन रेषा खाली उतरू लागतात, एक तापमानाची आणि एक क्षारतेची. फेब्रुवारीत उत्तर अरबी समुद्रात या दोन्ही रेषा शंभरेक मीटरपर्यंत ओळंब्यासारख्या सरळ उतरताना मी पाहिल्या आहेत. घुसळण पूर्ण झाल्याची ती खूण असते. त्याच मोसमात बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात मात्र तापमानाची रेषा उलटी गेली. वर पाणी गार होते आणि तीस-चाळीस मीटरवर ते त्याहून दीड-दोन अंशांनी उबदार. माझ्या शेजारी बसलेल्या नव्या मुलाला वाटले की यंत्र बिघडले, आणि त्याने तार पुन्हा वर घ्यायला सांगितली. यंत्र बरोबर होते. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि इरावती यांचे पाणी आणि मोसमी पाऊस यांमुळे तिथल्या पृष्ठभागावर गोडसर पाण्याचा पातळ थर पसरलेला असतो. वारा त्या थराला गार करतो, पण तो थर मुळातच इतका हलका की गार होऊनही खालच्या खारट पाण्याहून हलकाच राहतो. दुधावरची साय गार झाली म्हणून बुडते का? तसेच.

सारांश, वारा तोच आणि गारठा तोच, पण एका समुद्रात जलराशी जन्मते आणि शेजारच्या समुद्रात जन्मत नाही. हवा फक्त धक्का देते; तो धक्का लागू पडणार की नाही, हे समुद्र आधीपासून कसा रचलेला आहे त्यावर ठरते.

ग्वाल्हेरकर_जुना | १७ जानेवारी, दुपारी १२:२०

म्हणजे श्रेय वाऱ्याचे नाही, क्षारतेचे. माझी शंका रास्त होती तर.

भूगोलबाई | १७ जानेवारी, दुपारी ४:०२

ग्वाल्हेरकर, इतक्या लवकर निकाल देऊ नये. अरबी समुद्र खारट झाला तो कशाने? तिथे पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त आहे म्हणून, म्हणजे पुन्हा हवेनेच. आणि बंगालचा उपसागर गोडसर झाला तो पावसाने आणि पावसाच्याच नद्यांनी, म्हणजे तोही हवेनेच. ज्याला आपण 'समुद्राची रचना' म्हणतो ती मागच्या कित्येक ऋतूंची साठून राहिलेली हवाच आहे, असे मी म्हणेन.

मिठागर | १७ जानेवारी, सायंकाळी ६:३३

दोघांच्या वादात मी हिशेब मांडून पाहिला. एक लीटर पाण्याची वाफ होताना शंभर लीटर पाणी जवळजवळ सहा अंशांनी गार करण्याइतकी उष्णता निघून जाते. त्याच शंभर लीटरांची क्षारता मात्र हजारी ३५ (म्हणजे किलोमागे ३५ ग्रॅम मीठ) वरून जेमतेम ३५.३५ होते. आपल्याकडच्या उबदार समुद्रात, म्हणजे २५ अंशांच्या आसपास, एक अंश गार झाल्याने घनमीटरमागे सुमारे ०.३ किलो वजन वाढते आणि क्षारता एकाने वाढली तर सुमारे पाऊण किलो. म्हणजे सहा अंशांचे झाले जवळजवळ दोन किलो आणि मिठाचे झाले पाव किलो. प्रत्यक्षात ऊन आणि खालचे पाणी ती थंडी भरून काढत असतात, म्हणून समुद्र सहा अंशांनी गार होत नाही, हे मान्य. तरीही त्या हंगामापुरते पाणी बुडते ते मुख्यतः गारठ्याने. मिठाच्या माणसाला हे कबूल करणे जड जाते.

पण गारठा उन्हाळ्यात पुसला जातो आणि मीठ पुसले जात नाही. वाफ दरवर्षी जाते, मीठ दरवर्षी मागे राहते. बाई म्हणतात ती 'साठलेली हवा' मिठात साठते, गारव्यात नाही.

सागरवेधी | १७ जानेवारी, रात्री ८:१०

मिठागर, आपला हिशेब मी माझ्या वहीत उतरवून घेतला आहे. एक भर. हा हिशेब सगळीकडे सारखा नाही. पाणी शून्य अंशाजवळ आले की एक अंश गारठ्याने वाढणारे वजन फार कमी होते, आपल्याकडच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतके. मिठाचे वजन मात्र जवळजवळ तेवढेच राहते. त्यामुळे ध्रुवांकडे गेल्यावर सूत्रे मिठाच्या हाती जातात. उत्तर अटलांटिकच्या पृष्ठभागाची क्षारता ३५ च्या आसपास असते, म्हणून कॅनडा आणि ग्रीनलंड यांच्यामधल्या लॅब्राडोर समुद्रात हिवाळी वाऱ्यांखाली पाणी हजार-दोन हजार मीटर खोल जाते. उत्तर पॅसिफिक तितकाच थंड आहे, पण त्याची क्षारता ३३ च्या घरात आहे, म्हणून तिथे तळाचे पाणी तयार होत नाही. बंगालच्या उपसागराचेच ते थंड भावंड.

इंदूरची_जिरावण | १७ जानेवारी, रात्री ९:२७

आमच्या इंदूरला समुद्र नाही, पण पोह्यांवर शेवेचा थर वरच राहावा यासाठी काय करावे लागते ते आम्ही जाणतो, म्हणून थरांविषयी विचारण्याचा अधिकार समजते. तांबडा समुद्र आणि इराणचे आखात यांचे पाणी अतिशय खारट असते, क्षारता ४० च्या आसपास. मग जगातले सर्वांत खारट पाणी सर्वांत तळाशी जाऊन का बसत नाही? तळाशी ध्रुवाकडचे पाणी असते असे म्हणतात आणि ते तर कमी खारट असते.

सागरवेधी | १७ जानेवारी, रात्री १०:५५

ताई, या प्रश्नावर एक अख्खा धागा काढता येईल. दोन कारणे आहेत.

पहिले म्हणजे ते पाणी खारट असले तरी उबदार असते. तांबड्या समुद्रातून बाब-एल-मांदेब सामुद्रधुनीच्या उथळ उंबऱ्यावरून बाहेर पडणारे खालचे पाणी वीस अंशांहून अधिक तापमानाचे असते. उलट अंटार्क्टिकाजवळचे पाणी हजारी ३४.७ च्या आसपास क्षारतेचे, पण गोठणबिंदूला टेकलेले. दुसरे कारण मला अधिक रंजक वाटते. उंबरा ओलांडून उतारावरून खाली घसरताना हे पाणी आजूबाजूचे पाणी आपल्यात ओढून घेत जाते. मसालेदार रश्श्यात पाणी वाढवत नेल्यासारखी त्याची धार कमी होते, आणि जिथे त्याची घनता आजूबाजूच्या पाण्याशी जुळते तिथे ते थांबून आडवे पसरते. इराणच्या आखाताचे पाणी अरबी समुद्रात साधारण २०० ते ३५० मीटरवर सापडते आणि तांबड्या समुद्राचे ६०० ते ८०० मीटरवर. त्यांच्या वर, शंभर मीटरच्या आत, रावपुरेकरांच्या वाऱ्याने घडवलेले पाणी दक्षिणेकडे सरकत असते. तीन खारट थर एकाखाली एक, आणि तिन्हींची जन्मगावे वेगळी. नॉर्वेचे हेलंड-हान्सेन यांनी १९१६ साली तापमान आणि क्षारता एकमेकांसमोर एकाच आलेखावर मांडण्याची रीत घालून दिली. त्या आलेखावर हे थर रेषेच्या वळणांसारखे दिसतात. जहाजावर आम्ही 'आला तांबडा, आला तांबडा' असे म्हणत त्या वळणाची वाट पाहायचो.

आता तळाचे. अंटार्क्टिकाच्या पठारावरून किनाऱ्याकडे अतिशय थंड आणि जड हवा उतारावरून कोसळत येते. हा वारा किनाऱ्यालगतचे बर्फ समुद्रात लोटून देतो. उघडे पडलेले पाणी लगेच गोठते, वारा तेही बर्फ लोटतो, पुन्हा पाणी उघडे पडते. त्या भागांना पॉलिनिया म्हणतात आणि ते बर्फाचे न थांबणारे कारखाने आहेत. गोठताना बर्फ आपल्यातले बहुतेक मीठ बाहेर टाकते, म्हणून खालचे गारठलेले पाणी आणखी जड होते आणि खंडमंचावरून (खंडाच्या कडेच्या उथळ समुद्रतळावरून) घसरत तळ गाठते. अरबी समुद्राच्या अगदी तळाचे, दोन अंशांच्या आसपासचे पाणी दक्षिणेकडूनच आलेले आहे. कोणत्याही वाऱ्याला इथे ते तयार करता येणार नाही.

विश्वामित्रीकाठ | १७ जानेवारी, रात्री ११:२०

यावरून आठवले. विषुववृत्ताकडच्या समुद्रातही खोलवर गार पाणी असते, हे प्रथम हेन्री एलिस नावाच्या कप्तानाने १७५१ मध्ये अटलांटिकात मोजले. झडपा लावलेली बादली त्याने खोल सोडली होती. जहाज गुलामांच्या व्यापाराचे होते, हेही नोंदवायला हवे. त्या गार पाण्याचा उपयोग त्याने स्नानासाठी आणि मद्य गार करण्यासाठी केला. गुजरातेतील सदस्यांना यांपैकी स्नानाची माहिती तेवढी उपयोगाची.

भूगोलबाई | १८ जानेवारी, सकाळी ८:४५

विश्वामित्रीकाठ यांनी विनोदात सांगितले, पण त्या बादलीचा अर्थ लागायला जवळजवळ अर्धे शतक गेले. शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडले की हे गार पाणी ध्रुवांकडून तळातळाने आले असले पाहिजे, कारण उष्ण प्रदेशात ते गार व्हायला दुसरे साधनच नाही.

सागरवेधी, एक विचारायचे आहे. वरचे पाणी वर्षभर हवेखाली असते. जून महिन्याचे गरम पाणीही पृष्ठभागावर असते आणि फेब्रुवारीचे गारही. मग खोलवर जी जलराशी सापडते तिच्यात वर्षाची सरासरी दिसायला हवी. तशी ती दिसते का?

सागरवेधी | १८ जानेवारी, दुपारी १:१७

बाई, दिसत नाही, आणि या विषयातले मला सर्वांत आवडलेले कोडे हेच आहे. अमेरिकेचे समुद्रशास्त्रज्ञ आयझलिन यांनी १९३९ मध्ये दाखवले की उत्तर अटलांटिकात खोलवर उतरत गेल्यावर जी तापमान-क्षारतेची जोडी मिळते, ती हिवाळ्याच्या अखेरीस उत्तरेकडे जाताना पृष्ठभागावर मिळणाऱ्या जोडीशी जुळते, वर्षाच्या सरासरीशी नाही. स्टोमेल यांनी १९७९ मध्ये त्याचे कारण मांडले. समुद्रात जणू एक दैत्य बसलेला आहे आणि तो फक्त हिवाळ्याच्या शेवटचे पाणी आत घेतो, बाकीचे परत पाठवतो. कारण साधे आहे. हिवाळाभर घुसळणीचा थर खोल खोल जातो. वसंतात ऊन वाढले की वर एक पातळ उबदार थर तयार होतो आणि डब्याला झाकण लावावे तसे खालचे पाणी बंद होते. उन्हाळ्यात या झाकणाखाली सरकलेले पाणी पुढच्या हिवाळ्याच्या घुसळणीत पुन्हा ओढले जाते. जे पाणी झाकण लागण्याच्या अगदी आधी सर्वांत खोल होते आणि वर्षभरात पुढच्या घुसळणीच्या कक्षेबाहेर सरकले, तेवढेच सुटते. त्यामुळे जलराशीवर शिक्का बसतो तो त्या काही आठवड्यांच्या हवेचा. बाकीच्या दहा-अकरा महिन्यांची हवा ऐकूनही न ऐकल्यासारखी.

ग्वाल्हेरकर_जुना | १८ जानेवारी, दुपारी २:०५

सरकारी खात्यातही अर्ज मार्चअखेरीसच मंजूर होतात.

एवढ्यावर मी बाईंना अर्धा मुद्दा सोडतो. अर्धा माझ्याकडे राहू द्यावा, कारण आधी सागरवेधींनीच 'धक्का लागू पडणार की नाही' असे म्हटले होते.

सागरवेधी | १८ जानेवारी, दुपारी ३:३०

आपल्या अर्ध्या मुद्द्याला आधार देतो. फ्रान्सच्या दक्षिणेस लायन्सच्या आखातात १९६९ च्या हिवाळ्यात बऱ्याच जहाजांनी मिळून मोजमाप केले. मिस्त्राल नावाचा थंड कोरडा वारा तिथे पुष्कळ विस्तृत भागावर वाहतो, पण पाणी खोल बुडते ते एका मर्यादित पट्ट्यात. तिथला प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळसा घेत फिरतो आणि मधले थर घुमटासारखे वर उचलले जातात, म्हणून खालचे जड पाणी आधीच पृष्ठभागाजवळ असते. वाऱ्याने थोडे काम केले की दोन हजार मीटरपर्यंत वाट मोकळी. शेजारी तोच वारा फुकट जातो.

बाईंच्या अर्ध्यालाही आधार आहे. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात १९७४ ते १९७६ या तीन हिवाळ्यांत बर्फाच्या मधोमध अडीच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या गुजरातहून मोठे, उघडे पाणी उपग्रहांना दिसले. खालचे उबदार खारट पाणी वर येऊन बर्फ वितळवत होते, हवेत उष्णता सोडून गार होत होते आणि पुन्हा बुडत होते. त्यानंतर तेवढे मोठे भगदाड पुन्हा पडलेले नाही. २०१७ मध्ये पडले ते बरेच लहान होते.

इंदूरची_जिरावण | १८ जानेवारी, सायंकाळी ५:५०

एक छोटा प्रयोग घरी करून पाहिला. दोन काचेच्या पेल्यांत पाणी, एकात चार चमचे मीठ, आणि दोन्हींत निळी शाई घालून केलेला बर्फाचा एकेक खडा. साध्या पाण्यात निळे धागे सरसर तळाला गेले. खाऱ्या पाण्यात निळा रंग वरच थराने बसून राहिला आणि खडाही उशिरा विरघळला. मुलगी म्हणाली, "आई, हा बंगालचा उपसागर." मी तिला हा धागा वाचून दाखवला होता, हे कबूल करते.

रावपुरेकर | १८ जानेवारी, रात्री ९:१५

सर्वांचा ऋणी आहे. आता मूळ प्रश्नावर येतो. माझ्या गच्चीवरून गेलेला वारा पाणी बुडवायला गेला की नाही?

भूगोलबाई | १८ जानेवारी, रात्री ९:५०

एकट्या त्या दिवसाच्या वाऱ्याला ते श्रेय देता येणार नाही. नोव्हेंबरपासून वाहणाऱ्या सगळ्या वाऱ्यांच्या कामात त्याचा एक वाटा. शिवाय तो आधी खंबातच्या आखातावरून जातो, आणि तिथे पाणी उथळ आहे व भरती-ओहोटी इतकी जोरकस आहे की थर टिकतच नाहीत, वरपासून तळापर्यंत सगळे ढवळलेले. वाऱ्याचे खरे काम पुढे खोल समुद्रात सुरू होते.

मिठागर | १८ जानेवारी, रात्री १०:२०

रावपुरेकर, खंबातच्या आखाताकाठी कावी-कंबोईला जाणार असाल तर माझा जुना हायड्रोमीटर घेऊन जा. पाणी आणले की एक रात्र बाटली हलवू नका; गाळ बसल्याशिवाय माप खोटे येते.

रावपुरेकर | २५ जानेवारी, रात्री ८:०५

आज कंबोईला स्तंभेश्वराचे दर्शन झाले. भरती चढत होती, म्हणून घाईने दोन बाटल्या भरून घेतल्या. पाणी चहाच्या रंगाचे. आता बाटल्या ओट्यावर ठेवल्या आहेत आणि तळाशी बोटभर गाळ बसत आला आहे. माप उद्या सकाळी घेतो. मिठागर, पाणी घरात गरम झाले असेल तर डिग्रीत किती धरायचे, तेवढे सांगून ठेवा.